कालव्याखालच्या घरांना

हे लिहिणं पुण्यात मुठा उजव्या कालव्याकाठी राहणाऱ्यांसाठी आहे. पानमळा, जनता वसाहत, दत्तवाडी, दांडेकर पूल, पर्वती पायथा, स्वारगेट, गुलटेकडी, घोरपडी आणि पुढे हडपसर. पत्ता सांगताना तुम्ही ‘कॅनॉलच्या कडेला’ म्हणत असाल, तर हे वाचा. स्वतः वाचा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवा. त्यांना यातलं बरंच तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल.

सांगायचं एवढंच आहे, की कालव्याचा तुमच्या बाजूचा काठ ही तुमच्या घराचीच बाहेरची भिंत आहे असं समजा. घरातल्या भिंतीला ओल आली तर तुम्ही दोन दिवस गप्प बसत नाही. मग या भिंतीकडेही तसंच बघा.

आधी हा कालवा वाहतो कसा, ते समजून घ्या. खडकवासल्याहून सुटलेलं पाणी कुठल्याही पंपाशिवाय, नुसत्या उतारानं पुढे जातं. हा उतार फार हलका ठेवलेला असतो. म्हणून कालवा नदीसारखा खाली खोलात जात नाही. तो टेकडीच्या अंगाअंगानं, वळणं घेत, उंचावरूनच चालतो. पर्वतीच्या पायथ्याशी तो असाच जातो. त्याची एक बाजू टेकडी खोदून झालेली आहे. दुसरी, उताराकडची बाजू माणसानं भराव घालून उभी केली आहे.

तुमची घरं बहुतेक या भरावाच्या खाली आहेत.

एकदा वेळ काढून काठाजवळच्या रस्त्यावर उभे राहा. आधी पाण्याकडे बघा आणि मग वळून वस्तीकडे बघा. बऱ्याच ठिकाणी तुमच्या घराचे पत्रे पाण्याच्या पातळीखाली दिसतील. हे पाहून घाबरून जायचं नाही. पण हे चित्र डोक्यात पक्कं असू द्या, कारण पुढचं सगळं सांगणं त्यावर आहे.

कालवा एवढा उंचावर का नेला? कालवा आणि नदी यांच्या मधल्या सगळ्या जमिनीला पाणी मिळावं म्हणून. आज जिथे तुमच्या गल्ल्या आहेत, तिथे तेव्हा शेतं आणि मळे होते. खडकवासल्याचं धरण १८७९ च्या सुमारास पुरं झालं. कर्नल फाइफ या इंग्रज इंजिनिअरची ती योजना, म्हणून जलाशयाला ‘लेक फाइफ’ म्हणत. धरणातून दोन कालवे निघाले. डावा खडकीकडे गेला, उजवा पर्वतीच्या पायथ्यावरून हडपसर, मांजरी, लोणीकडे. लष्कराच्या छावणीला पाणी मिळालं आणि पूर्वेकडच्या कोरड्या गावांत ऊस आणि भाजीपाला उभा राहिला.

या कामाशी एक मोठं नाव जोडलेलं आहे, ते मुलांना जरूर सांगा. खडकवासल्याच्या बांधकामाला माल पुरवणाऱ्या कंत्राटदारांत जोतीराव फुले होते. मांजरीला त्यांची शेतीही होती. १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना त्यांनी पाटबंधारे खात्याच्या कारभारावर कडक शब्दांत लिहिलं. पाण्याच्या खात्याला सामान्य माणसानं जाब विचारणं हे पुण्यात नवीन नाही. तुम्ही विचाराल तर कोणी ‘तुम्हाला काय कळतं’ म्हणायचं कारण नाही.

त्या काळी पर्वती गावाबाहेर होती. नानासाहेब पेशव्यांनी देवदेवेश्वराचं मंदिर बांधलं ते १७४९ मध्ये. पुढे कालवा आला तोही गावाबाहेरूनच. गावातले लोक तेव्हा कात्रजहून आलेल्या पेशवेकालीन नळाच्या हौदांवर आणि विहिरींवर पाणी भरत. कालव्याचं पाणी हे मळ्याचं, छावणीचं, आणि हळूहळू शहराच्या नळाचं झालं. पर्वतीच्या जलकेंद्राला कित्येक वर्षं याच उघड्या कालव्यातून पाणी येत होतं. सदाशिव, शनिवार पेठेतल्या घरांनी प्यायलेलं पाणी तुमच्या दारावरून गेलेलं आहे. वस्तीला नावं ठेवणाऱ्याला हे सांगायला काही हरकत नाही.

मग १२ जुलै १९६१ आला. पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासलाही फुटलं. नदीकाठच्या पेठा बुडाल्या. हजारो घरं गेली. पूरग्रस्तांसाठी गावाबाहेर मोकळ्या जमिनींवर वसाहती झाल्या. सहकारनगर, गोखलेनगर, लोकमान्यनगर ही नावं त्यातलीच. पर्वतीच्या बाजूचं माळरान भरत गेलं ते साधारण तेव्हापासून. पुढे दुष्काळानं गावं सोडलेली माणसं आली, बांधकामावरची आली, मंडईत हमाली करणारी आली. ज्याला पेठेत खोली परवडत नव्हती, त्यानं टेकडीच्या उतारावर आणि कालव्याच्या कडेला घर केलं. जनता वसाहत अशीच उभी राहिली.

याच काळात नवा मुठा उजवा कालवा झाला. तो दौंड, इंदापूरपर्यंत जातो. त्याची लांबी २०२ किलोमीटर आहे. डाव्या कालव्याची वाट मात्र शहराखाली जिरत गेली. कर्वेनगरात आज ‘कॅनॉल रोड’ हे नाव आहे, त्या नावाचं पाणी नाही.

या वस्तीचा स्वभाव कालव्यानं घडवला. काठावर धुणं झालं, गोधड्या धुतल्या गेल्या, म्हशी डुंबल्या. नळाला पाणी नसेल त्या दिवशी बादल्या घेऊन बाया तिकडेच गेल्या. संध्याकाळी काठावर बसायला वारा असायचा. ही सगळी जवळीक खरी आहे आणि तिची लाज बाळगायचं कारण नाही. पण या जवळिकीमुळेच आपण कालव्याला गृहीत धरलं.

२७ सप्टेंबर २०१८. सकाळची अकराच्या आसपासची वेळ. जनता वसाहतीजवळ कालव्याची भिंत खचली. पाणी सिंहगड रस्त्यावर आणि दांडेकर पुलाच्या वस्तीत घुसलं. शेकडो घरांत चिखल झाला. भांडी, धान्य, मुलांची दप्तरं, कागदपत्रं, शिलाई मशिनी, सगळं वाहून गेलं किंवा भिजून निकामी झालं. दिवसाची वेळ होती, माणसं जागी होती, म्हणून फार मोठा अनर्थ टळला. हेच रात्री दोन वाजता झालं असतं तर काय, याचा विचार त्या वस्तीतल्या प्रत्येक आईनं केलेला आहे.

त्यानंतर कारणांची चर्चा झाली. उंदीर, घुशी, खेकड्यांची बिळं, भरावालगत केबलसाठी झालेली खोदाई, देखभालीतली कुचराई. कोणाचा वाटा किती, यावर वाद झाले. तुमच्यासाठी त्यातली कामाची गोष्ट वेगळी आहे. यातलं जवळजवळ प्रत्येक कारण काठावर राहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना आधी दिसू शकतं.

म्हणून काय बघायचं ते नीट सांगतो.

भरावाच्या खालच्या अंगाला, म्हणजे तुमच्या बाजूला, ओल बघा. पावसाळ्यात सगळीकडेच ओल असते, म्हणून खरी तपासणी कोरड्या दिवसांत होते. उन्हाळ्यात आजूबाजूचं गवत वाळलेलं असताना एकाच पट्ट्यात ते हिरवंगार राहिलं असेल, तर तिथे खालून पाणी येतंय. पायाखाली जमीन मऊ लागते. कधी काठाच्या बुडाशी बारीक झरा दिसतो.

झऱ्याचं पाणी ओंजळीत किंवा काचेच्या ग्लासात घेऊन बघा. पाणी स्वच्छ असेल तर खात्याला कळवा आणि रोज लक्ष ठेवा. पाणी गढूळ असेल, तळाशी माती बसत असेल, तर मात्र एक तासही थांबू नका. गढूळ पाणी म्हणजे भराव आतून धुतला जातोय. बीळ आतल्या आत मोठं होत असतं आणि वरून काठ अगदी धडधाकट दिसतो. झरा काल करंगळीएवढा होता आणि आज मनगटाएवढा झाला, तरीही तेच समजा.

बिळं बघा. घुशीच्या बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग असतो. वड, पिंपळाची रोपं दगडी बांधकामाच्या सांध्यात उगवलेली दिसली की कळवा. ती लहान असतानाच काढावी लागतात. ती स्वतः ओढून उपटू नका. मुळाबरोबर दगड सुटतो. काठावरच्या रस्त्याला लांबट भेग पडली असेल, रस्ता एका बाजूला बसल्यासारखा वाटत असेल, तर तेही कळवा.

कधी बघायचं? कालव्याला आवर्तन सुटतं तेव्हा. शेतीसाठी पाणी सोडल्याची बातमी पेपरात येते. रिकामा किंवा अर्धा कालवा भरून वाहू लागला की काठावरचा जोर वाढतो. ते पहिले काही दिवस आणि आवर्तन बंद होऊन पाणी झपाट्यानं उतरतं ते दिवस, तेव्हा जास्त लक्ष असू द्या. गल्लीतल्या दोन-तीन घरांनी मिळून वार वाटून घ्या. सकाळी फिरायला जाणाऱ्या आजोबांवर हे काम सोपवलं तर ते आनंदानं करतील.

कळवायचं कोणाला, यात लोकांची फार दमछाक होते. कालवा आणि त्याचा भराव जलसंपदा खात्याचा. खडकवासला पाटबंधारे विभागाकडे त्याची देखभाल आहे, कार्यालय मंगळवार पेठेतल्या सिंचन भवनात. कचरा, गटार, रस्ता हे महापालिकेचं. दोघं एकमेकांकडे बोट दाखवू शकतात, म्हणून अर्ज दोघांनाही द्या. अर्ज साध्या भाषेत लिहा. जागा नेमकी सांगा, जवळचं देऊळ, पूल, खांबाचा नंबर लिहा. फोटो जोडा. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ती पोहोच उद्या कामाला येते. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून विचारा, की आमच्या अर्जावर काय केलं. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. गढूळ झऱ्यासारखी तातडीची गोष्ट असेल तर अर्ज नंतर. आधी ११२ ला किंवा अग्निशमन दलाला १०१ वर फोन.

आता आपल्या हातून जे होतं त्याकडे येऊ. रागावू नका, पण हे बोलावं लागेल.

काठावर कचरा टाकू नका. कचऱ्यावर उंदीर, घुशी जगतात, आणि त्या बिळं करतात. शिळी पोळी कालव्याकडेला टाकणारा हात आणि भराव पोखरणारी घूस यांचा असा थेट संबंध आहे. भरावाला खणून पायरी काढू नका, गटाराचा पाइप त्यातून नेऊ नका, मोटारीचा पाइप टाकायला भोक पाडू नका. केबलवाला किंवा कोणी कंत्राटदार काठाशी खणताना दिसला तर परवानगीचा कागद दाखव म्हणा. तुम्ही चौघं-पाचजण मिळून नम्रपणे विचारलंत तर त्याला दाखवावाच लागेल. खोलीला खोली जोडताना भरावाच्या पोटात घुसू नका. जागा किती लागते ते मला कळतं. चार माणसांच्या दहा बाय दहामध्ये मुलीला अभ्यासाला कोपरा हवा असतो. पण ती दोन फूट जागा सगळ्या गल्लीच्या जिवावर येते. महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम १९७६ प्रमाणे कालव्याची नासधूस हा गुन्हाही आहे.

मुलांना कालव्यात पोहायला पाठवू नका. विहिरीत पोहता येतं म्हणून कालव्यात पोहता येईल असं नाही. वरून पाणी संथ दिसतं, आत ओढ असते. अस्तर केलेल्या बाजू शेवाळानं गुळगुळीत असतात. बुडणाऱ्याला धरायला काही सापडत नाही. कोणी पडलं तर मागून उडी मारू नका, साडी, दोर, बांबू जे हाताशी असेल ते टाका. गणपती, निर्माल्य यांना महापालिका हौद ठेवते, तिथेच न्या.

या भागाला तीन वेगवेगळ्या पाण्यांचा धोका आहे आणि लोक ती एकच समजतात. नदीचं पाणी धरणातून विसर्ग वाढला की चढतं. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत ते घरांत शिरलं. त्याआधी इशारा मिळू शकतो, म्हणून खडकवासल्यातून किती क्युसेक सोडले याची बातमी ऐकत जा. ओढ्याचं पाणी ढगफुटीसारख्या पावसानं येतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्यानं कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत माणसं आणि गाड्या वाहून नेल्या. तिथे हाताशी मिनिटं असतात. आणि कालवा फुटायला पाऊस लागतच नाही. लख्ख ऊन असताना तो फुटू शकतो. म्हणून ‘आज पाऊस नाही’ एवढ्यावर निर्धास्त राहू नका.

पाणी आलंच तर कुठे जायचं, हे आज ठरवा. कालव्याचं पाणी उताराच्या दिशेनं, ओढ्याकडे आणि नदीकडे धावतं. तुम्ही त्या दिशेनं धावू नका. आडव्या दिशेनं निघा आणि जवळच्या पक्क्या इमारतीचा वरचा मजला गाठा. कोणती इमारत, कोणता जिना, ते घरातल्या लहानग्यालाही माहीत असू द्या. शेजारच्या सोसायटीच्या लोकांशी आजच बोलून ठेवा. अडचणीत कोणी दार लावून घेत नाही, पण वॉचमनला आधी सांगितलेलं बरं. सोसायटीत राहणाऱ्यांनो, हे तुम्हालाही सांगणं आहे. तुमच्या घरी भांडी घासायला येणारी बाई त्याच काठाखाली राहते.

निघताना लाइटचा मेन स्विच बंद, गॅसची टाकी बंद. एवढंच. टीव्ही वाचवत बसू नका. आजारी, अपंग, बाळंतीण कोणाच्या घरी आहे याची गल्लीला खबर हवी आणि त्यांना कोण उचलणार हे ठरलेलं हवं.

कागद मात्र आधीच सांभाळा. रेशन कार्ड, आधार, झोपडीचा फोटोपास, लाइट बिल, शाळेचे दाखले, बँकेचं पासबुक, औषधांच्या चिठ्ठ्या. सगळे एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड घट्ट बांधून, घरातल्या सर्वांत उंच फळीवर. प्रत्येकाचा फोटो काढून गावाकडच्या भावाला किंवा बहिणीला पाठवून ठेवा. पुरानंतर पंचनामा होतो तेव्हा पहिला प्रश्न ‘इथे राहता याचा पुरावा काय’ असा असतो. पुरावा वाहून गेला की भरपाईच्या रांगेत शेवटी उभं राहावं लागतं. चिखल काढायच्या आधी घरातल्या नुकसानीचे फोटो घ्या. उघड्या जखमेनं चिखलात उतरू नका. नंतर ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या तर अंगावर न काढता दवाखान्यात जा आणि पुराच्या पाण्यात होतो हे डॉक्टरांना सांगा, कारण उंदरांच्या मुतानं लेप्टोसारखा आजार होतो.

आता एक काम घाईचं नाही, पण लांबणीवर टाकण्यासारखंही नाही. खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत पाणी बोगद्यातून न्यायचं, अशी सरकारची योजना आहे. गळती, चोरी आणि उन्हानं होणारी वाफ टळेल, हा तिचा हेतू. पाण्याच्या दृष्टीनं ती योजना मला योग्य वाटते. तुमच्या छपरांच्या वर पाणी राहणार नाही, हा तर फारच मोठा दिलासा. पण कालवा कोरडा झाला की शहराच्या मधोमध एक लांबलचक पट्टा मोकळा होईल. मोकळ्या जमिनीवर पुण्यात किती जणांचा डोळा असतो ते तुम्हाला माहीत आहे.

त्या वेळी तुम्ही किती वर्षं इथे आहात, ही वस्ती कशी झाली, हे तुम्हीच सांगायला हवं. म्हणून आजपासून लिहून ठेवा. घरातलं सर्वांत वयस्कर माणूस कुठून आलं, कोणत्या साली, पहिली खोली कशाची होती, नळ कधी आला, २०१८ ला काय काय गेलं. मुलांकडून मोबाइलवर आजीचं बोलणं रेकॉर्ड करून घ्या. जुन्या लग्नाच्या फोटोंत मागे कालवा दिसतो, ते फोटो जपा. काठावर जुने कोरीव दगड, मैलाचे दगड, दगडी मोऱ्या, लोखंडी दारं कुठे दिसतात त्याची यादी करा. ते भंगारात जाऊ देऊ नका. बोगदा झाल्यावरही दीडशे वर्षांच्या या कामाची खूण म्हणून ते जागेवर राहावेत, असा अर्ज मंडळाच्या किंवा बचत गटाच्या नावानं द्या.

आणि हरकती, सूचना मागवल्याची जाहिरात पेपरात आली की मुदत संपायच्या आत उत्तर द्या. एकट्यानं नको, गल्लीच्या सह्या घेऊन. मागायचं काय, ते आधी बसून ठरवा. चालायला वाट, सावलीची झाडं, मुलांना खेळायला जागा, पावसाचं पाणी वाहून जायला मार्ग. टेकडीवरून उतरणारं पाणी आज बऱ्याच ठिकाणी कालवा अडवतो. तो बुजवला तर ते पाणी कुठून जाणार, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत, पहिल्या रांगेत बसून विचारा.